टाकी काठोकाठ, माणूस खाली

१

जुनी गाडी घ्यायला गेलं की लोक आधी रंग बघतात, मग टायर बघतात, आणि शेवटी बॉनेट उघडून आत असं काही टक लावून बघतात, जणू सगळं इंजिन त्यांनीच जुळवलंय. मिस्त्री यातलं काहीच करायचा नाही. तो गाडी थेट वजनकाट्यावर न्यायचा. दगडखाणीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं मोठमोठ्या डिझेल गाड्यांच्या पोटाखाली आडवं पडून काढल्यावर त्याचं मत ठाम झालं होतं. माणूस खोटं बोलतो, कागद खोटे करता येतात, मीटर मागे फिरवता येतो, पण पोलाद लपवता येत नाही. गाडी कुठे आपटून तिची चासी चिरली असेल आणि कुणी आतून पट्ट्या मारून ती जोडली असेल, तर ते वजनात दिसणारच. त्याचा नियम चार शब्दांचा होता : टाकी काठोकाठ, माणूस खाली. डिझेल तोंडापर्यंत भरायचं, ड्रायव्हरसकट सगळ्यांनी उतरायचं, आणि काटा काय म्हणतो ते कागदावरच्या वजनाशी ताडून बघायचं.

वर्कशॉपमधले लोक त्याची टर उडवायचे. "मिस्त्री, लग्नाआधी वहिनींनाही काट्यावर चढवलं होतं का?"

"चढवलं होतं की. साठ किलो. आजही साठच. इतका खात्रीचा माल बाजारात मिळायचा नाही."

"यांना कुणी चढवलं नाही म्हणून निभावलं," त्याची बायको शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणायची.

त्याच साठ किलोंच्या बाईला त्या वर्षी आजार निघाला. कसला, ते दोघांनीही घरात कधी नाव घेऊन म्हटलं नाही. उपचार घाटापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात, आठवड्यातून दोनदा. चाळीस किलोमीटरचा रस्ता, त्यातला निम्मा खणून ठेवलेला. पहिल्या खेपेला तिचा धाकटा भाऊ त्याच्या लहानशा गाडीतून घेऊन गेला. परत आली तेव्हा तिचा खालचा ओठ दातांनी फाटला होता. ते मिस्त्रीने पाहिलं. चौथ्या दिवशी तो एका निवृत्त मोजणीदाराच्या दारात उभा होता.

मोजणीदाराने जन्मभर डोंगरदऱ्यांतून जमिनी मोजल्या होत्या, आणि त्याची गाडीही तसल्याच कामाची होती. उंच, रुंद, चारही चाकांना ताकद देणारी, जुनी पण जपलेली. कागदावर वजन दोन हजार दोनशे चाळीस. त्याच्या घराजवळच्या वजनकाट्याने सांगितलं, दोन हजार दोनशे पंच्याण्णव.

"पंचावन्न किलो जास्त," मिस्त्री म्हणाला. चोर पकडल्याचा आनंद त्याच्या आवाजात लपत नव्हता. "पट्ट्या मारल्यात साहेब, चासीला."

"नाही मारल्या," मोजणीदार म्हणाला. "पण तुमचं तसं मत असेल तर किंमत कमी करा."

इतक्या सहज मान्य करणाऱ्या माणसाचा एरवी मिस्त्रीला संशय आला असता. पण गरज त्याची होती. व्यवहार काट्याच्या आवारातच उरकला. किल्ली हातात देण्याआधी मोजणीदाराने दोन मिनिटं मागून घेतली. तो गाडीच्या मागच्या डाव्या दाराशी गेला, दार उघडलं आणि धरून उभा राहिला. आत वाकला नाही, काही काढलं नाही. एक हात दारावर, दुसरा जरासा पुढे केलेला. मग त्याने दार हळूच लावलं, मिस्त्रीच्या हाती किल्ली दिली आणि घराच्या दिशेने चालू लागला. एक खांदा खाली झुकलेला, पाऊल जड, आणि चाल अगदी संथ, आपल्याबरोबरच्या कुणाचं पाऊल जुळायची वाट बघत चालावं तशी. गुडघे गेलेले दिसतात बिचाऱ्याचे, असं मिस्त्रीला वाटलं.

ते दार आपटल्याशिवाय लागत नाही, हे त्याला घरी आल्यावर कळलं.

२

दुसऱ्या दिवशी त्याने गाडी वर्कशॉपच्या खड्ड्यावर घेतली आणि हातदिवा घेऊन खाली उतरला. सगळी चासी हातोडीने ठोकून ठोकून ऐकली. जोड असला की आवाज बसका येतो. कुठेही बसका आला नाही. सीट काढल्या, पायाखालचं कापड उचकटलं, दारांच्या पोकळ्यांत हात घातला. हाताला लागलं काय, तर एक केसांची पिन. शेवटी त्याने खाणीच्या काट्यावर गाडी लावली, टाकी काठोकाठ, माणूस खाली.

"दोन हजार दोनशे चाळीस," खिडकीतून काटेवाला ओरडला. "कागदाला कागद! असली गाडी कुठनं पैदा केलीत?"

म्हणजे तिथला काटा बिघडलेला. दुसरं काय असणार? मिस्त्रीला त्या भल्या माणसाला उगाच खोटं पाडल्याची थोडी लाज वाटली, आणि मग तो विसरून गेला.

गाडी अंगणात आली तेव्हा त्याची बायको दारात येऊन कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "बाई गं! ही तर माझ्या माहेरची आत्याबाई. आली की निम्मं घर हिचंच, आणि धाप लागल्याशिवाय बोलणं नाही." तेव्हापासून गाडीचं नाव आत्याबाई पडलं.

आत्याबाई प्रवासाला मात्र सोन्यासारखी होती. मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी उशी ठेवून, पाय लांब करून बायको बसायची. मिस्त्री किल्ली अर्धी फिरवायचा आणि इंजिन आधी तापवणाऱ्या हीटरचा छोटा पिवळा दिवा विझायची वाट बघायचा. तेवढ्यात ती शाल सारखी करून घ्यायची. दिवा विझला की, "झालं हो माझं, निघू दे आत्याबाईला." खड्डे यायचे आणि पोटाखालून निघून जायचे. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या बोटात अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घालायची धातूची टोपी, असायचंच, तेव्हा वळण आलं की ती त्या अंगुस्तानाने पुढच्या सीटच्या मागच्या पत्र्यावर दोनदा वाजवायची. टक टक. सावकाश.

"अगं, तीस वर्षं गाड्या चालवतोय मी."

"दुरुस्त करताय तीस वर्षं. चालवणं वेगळं."

दर वळणाला टक टक. घाटात बावीस वळणं होती. पहिल्या आठवड्यात मिस्त्री वैतागला, आणि दुसऱ्या आठवड्यापासून तिच्या आधी स्वतःहून वेग कमी केला तर चुकल्या-चुकल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून मुद्दाम करेनासा झाला.

३

दवाखान्यात दर खेपेला आधी वजन व्हायचं. एक ठेंगणी सिस्टर होती, ती आकडा मोठ्याने म्हणायची आणि मग कागदावर उतरवायची. साठ. अठ्ठावन्न. छप्पन्न. महिनाभराने पंचावन्न.

घरी आल्यावर त्याची बायको यंत्रापुढे बसून स्वतःच्या कपड्यांच्या शिवणी उसवायची आणि आत घेऊन पुन्हा टीप मारायची. दर आठवड्याला बोटभर. "आयुष्यभर लोकांचे कपडे सैल करून दिले," ती म्हणाली, "आता जरा स्वतःचे घट्ट करते." मिस्त्री हसला, आणि मग मागच्या अंगणात जाऊन बराच वेळ एक स्वच्छ पाना पुन्हा पुन्हा पुसत बसला.

तिथेच त्याच्या लक्षात आलं की आत्याबाई मागच्या डाव्या अंगाला किंचित बसलीय.

फार नाही. अर्धं बोट. दुसऱ्या कुणाला दिसलं नसतं. त्याने चाकांवरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, मोजले, उजव्या-डाव्याची अदलाबदल केली, शेवटी नवे घातले. चार दिवसांत गाडी पुन्हा तशीच, डाव्या अंगाला बसलेली. चिखल साठला असेल म्हणून त्याने ती खालून धुतली. पोकळीत पाणी असेल म्हणून भोकं मोकळी केली. मग काट्यावर नेली.

"दोन हजार दोनशे पंचेचाळीस," काटेवाला म्हणाला.

"पाच किलो कसले?"

"आमचा काटा पाचाच्या खालचं बोलतच नाही मिस्त्री. थोडं इकडंतिकडं चालायचंच. तुमच्या आत्याबाई खाऊनपिऊन सुखी दिसताहेत."

तेही खरंच होतं. पाच किलो म्हणजे काय, काट्यावर पडलेली मूठभर खडी. पण पुढच्या महिन्यात सिस्टरने "पन्नास" असं म्हटलं, आणि त्याच दिवशी परतताना, बायकोला घरी उतरवून, टाकी भरून, मिस्त्री काट्यावर गेला. दोन हजार दोनशे पन्नास.

तो काट्याच्या कठड्यावर बसून राहिला. त्याला हिशेब करायची गरजच नव्हती. आकडे समोर होते, एकमेकांकडे बघत होते. एका बाईचे दहा किलो गेले होते आणि एका गाडीत दहा किलो आले होते. हे असं नसतं, असं त्याच्या डोक्याने त्याला सांगितलं. चांगलं बजावून सांगितलं. डोकं सांगत असतानाच त्याने मागचं डावं दार उघडून सीटवर तळहात ठेवला. तिला उतरून तास होऊन गेला होता. उशी काढलेली होती. सीटचा खळगा अजून वर आला नव्हता, आणि तिथलं कापड कोमट होतं.

४

माणूस घाबरला की त्याला आधी कुणावर तरी चिडायचं असतं. मिस्त्री गाडीवर चिडला. ही अवदसा माझ्या बायकोला खातेय, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं, आणि एकदा ठरवल्यावर त्याला जरा बरंसुद्धा वाटलं. आजाराशी त्याला दोन हात करता येत नव्हते. गाडीशी येत होते. त्याने आत्याबाई अंगणाच्या कोपऱ्यात लावली, बॅटरीची तार काढली आणि वर ताडपत्री घातली.

"गिअरबॉक्सचं काम निघालंय," तो बायकोला म्हणाला. "तोवर धाकट्याच्या गाडीतून जाऊ."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याचा गिअरबॉक्स कळतो. "अहो, आत्याबाईशी भांडलात का?"

"काहीतरीच काय. पार्ट मिळत नाहीये."

चार आठवडे ती धाकट्या भावाच्या गाडीतून गेली. आठ खेपा. त्या रस्त्याचं मी काय सांगू? लहान गाडी, लहान चाकं, आणि खड्डे तेच. भाऊ बिचारा जीव मुठीत धरून चालवायचा. मिस्त्री तिच्या शेजारी बसून दोन्ही हातांनी तिला धरून ठेवायचा, आणि खड्डा आला की तिच्या अंगातून जी कळ जायची ती त्याच्या हातांना कळायची. पहिल्या खेपांना तिने भावाच्या सीटवर अंगुस्तान वाजवलं.

"ताई, नको ना ठोकूस. मी आधीच घाबरलोय," भाऊ काकुळतीला येऊन म्हणाला.

"बरं बाबा."

मग दोनाची एक टकटक झाली. मग नुसतं बोट सीटला टेकायचं. सहाव्या खेपेला ते मांडीवरच राहिलं. मिस्त्रीने ते पाहिलं होतं. पण त्याचं लक्ष सिस्टरच्या तोंडाकडे होतं. आता गाडी बदललीय, आता आकडा थांबणार, याची तो वाट बघत होता.

अठ्ठेचाळीस. सेहेचाळीस. चव्वेचाळीस. बेचाळीस.

त्या दिवशी त्याने ताडपत्री ओढून काढली, तार जोडली, आत्याबाईला काट्यावर नेलं. दोन हजार दोनशे पन्नास. चार आठवड्यांत काटा जागचा हलला नव्हता.

५

मोजणीदाराच्या घरी बैठकीच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या, खिडकीपाशी समोरासमोर. मिस्त्री भांडायच्या तयारीने आला होता, म्हणून न विचारताच जवळच्या खुर्चीकडे वळला.

"ती नको," मोजणीदार पटकन म्हणाला. "या, इकडे माझ्या जागी बसा. मी उभा राहतो."

मिस्त्री बसला. समोरच्या खुर्चीत कुणी नव्हतं. तिची गादी मधोमध दबलेली होती, आणि तो बघत असताना ती एका बाजूला थोडी जास्त दबली. अवघडून बसलेल्या माणसाने अंग हलवलं की दबते तशी. मिस्त्रीने डोळे खाली घातले.

"साहेब," तो म्हणाला. "काय विकलंत तुम्ही मला? माझी बायको झिजत चाललीय. आणि गाडी..."

"भरत चाललीय," मोजणीदार म्हणाला.

"होती. मी बंद केली. चार आठवडे झाले, तिला त्या गाडीत पाऊल ठेवू दिलेलं नाही."

मोजणीदार खिडकीबाहेर बघत होता. तो वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, अपराधीपणाही नव्हता. मिस्त्रीची त्याला दया येत होती.

"आणि त्या चार आठवड्यांत त्या झिजायच्या थांबल्या?"

"नाही."

"किती गेलं?"

"आठ किलो."

"दुसऱ्या गाडीत?"

"हो."

म्हाताऱ्याने समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हळूच हात ठेवला. "माझ्या हिचं सगळं त्या गाडीत जमा झालं होतं हो," तो म्हणाला. "पंचावन्न. एकही खेप चुकवली नव्हती मी."  गादी पुन्हा जराशी हलली. "मिस्त्री, ते आठ किलो मग कुठे गेले?"

मिस्त्री उठून बाहेर पडला. परत जाताना त्याने वाटेत गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडला. बायको आजारी पडल्यापासून पहिल्यांदा.

६

पुढच्या खेपेला आत्याबाई दारात उभी होती. त्याची बायको बाहेर आली, थांबली, आणि तिच्या ओढलेल्या चेहऱ्यावर जुनं हसू आलं. "मिटलं का भांडण?"

"माझं चुकलं," मिस्त्री म्हणाला. "फार चुकलं गं."

"बरं, बरं. आत्याबाई मनात ठेवत नाहीत."

त्याने तिला उचलून आत ठेवलं. उशी दिली, पाय लांब केले, पट्टा लावला. किल्ली अर्धी फिरवून दिव्याकडे बघत राहिला. दिवा विझला. मागून काही आवाज आला नाही. ती नुसती शाल धरून बसली होती, काहीतरी विसरल्यासारखी. घाटातलं पहिलं वळण आलं, त्याने मुद्दाम वेग कमी केला नाही. टकटक झाली नाही. दुसरं गेलं, तिसरं गेलं. बावीस वळणं त्याने पत्र्याकडे कान लावून काढली.

"वाजवत का नाहीस गं?" शेवटी त्याने विचारलं.

"काय वाजवू?" तिने विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं. अंगुस्तान तिच्या बोटात होतं.

दवाखान्यात सिस्टरने आकडा मोठ्याने म्हटला नाही. कागदावर तोच, बेचाळीस. डॉक्टरांनी मिस्त्रीला बाजूला घेतलं आणि आता घरीच असू द्या म्हणाले. परतताना दुपार होती, ऊन स्वच्छ होतं. या खेपेला सोबत आलेला धाकटा भाऊ पुढे मिस्त्रीच्या शेजारी बसला होता. घाट उतरून सपाट रस्ता लागला तेव्हा ती मागून म्हणाली, "किती छान चालतेय." अंगणात गाडी थांबली तेव्हा ती गेलेली होती.

दोघांनी मिळून तिला उतरवायला हात घातले, आणि दोघंही तोल जाऊन मागे सरकले. जोर जास्त लावला गेला होता. धाकट्याला ती एकट्यालाच पेलली, रिकाम्या शालीसारखी. "भावोजी," तो रडत म्हणाला, "ताईचं काहीच राहिलं नव्हतं हो." मिस्त्रीने मागे वळून गाडीकडे पाहिलं. मागचा डावा पाटा पार बसलेला होता. आणि उशीच्या वर, मघाशी त्यानेच सोडलेला पट्टा पुन्हा लागलेला होता. ताणलेला, आतमध्ये एका बाईएवढी जागा ठेवून.

दहा दिवसांनी तो खाणीच्या काट्यावर गेला. टाकी काठोकाठ, माणूस खाली. काटेवाला सुट्टीवरून त्याच दिवशी परतला होता, त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने केबिनच्या खिडकीतून वाकून पाहिलं.

"वहिनी नाही उतरल्या वाटतं? राहू दे, राहू दे, उठवू नका त्यांना. दमलेल्या दिसताहेत." मग त्याने आकडा सांगितला. दोन हजार दोनशे नव्वद.

मिस्त्रीने मान हलवली. साठ असते तर काटा दोन हजार तीनशे म्हणाला असता. पाचाच्या खालचं त्या काट्याला कळत नसेल, पण किती कमी आहेत ते मिस्त्रीला किलोवारी माहीत होतं.

७

त्याने तिला घरात आणलं नाही. मोजणीदाराने केलं तसं दार उघडून, हात पुढे करून आणता आलं असतं, हे त्याला कळत होतं. पण अर्धवट कसं आणायचं? ती यंत्रापुढे बसेल, खुर्ची दबेल, आणि बोटातलं अंगुस्तान कशासाठी असतं ते तिला ठाऊक नसेल. तिचं जे हरवलं होतं ते त्याच्यामुळे हरवलं होतं, आणि ते रस्त्यावरच कुठेतरी होतं. आठ खेपा, आठ किलो. ज्या ज्या खड्ड्यात त्या लहान गाडीचं चाक आपटलं, तिथे तिथे ते पडलं असणार. हे असं नसतं, असं त्याचं डोकं आताशा त्याला सांगत नसे.

म्हणून तो रोज सकाळी निघायचा. घाटात दर वळणावर आत्याबाई थांबवायची, उतरायचं, मागचं डावं दार उघडून धरायचं. मागून येणारे भोंगे वाजवायचे, कुणी शिव्या द्यायचे, कुणी ओळखीचं असलं तर न बघितल्यासारखं करून पुढे जायचं. धाकटा दोनदा समजवायला आला. "गाडी विकून टाका भावोजी, जीव रमवा कशात तरी." मिस्त्रीने त्याला चहा पाजून परत पाठवलं. त्याचा यात काही दोष नव्हता.

एका सकाळी तो मोडक्या पुलानंतरच्या तिसऱ्या वळणावर थांबला. इंजिन बंद केलं, दार उघडलं. खाली दरीत वारा नव्हता.

टक टक.

मिस्त्रीचा हात आधी शर्टाच्या खिशाकडे गेला. अंगुस्तान खिशातच होतं, तिच्या बोटातून काढलेलं. आवाज पत्र्यावरचा नव्हता, दगडावरचा होता. रस्त्याच्या कडेच्या बुटक्या कठड्यापलीकडून येत होता.

टक टक. सावकाश.

"मी आहे गं," तो म्हणाला. "ही बघ गाडी. ही बघ, बाकीची तू इथेच आहेस. ये."

गाडी त्याच्या शेजारी डाव्या अंगाला आणखी बोटभर झुकली, आतलं माणूस दाराबाहेर वाकून बघायला लागल्यावर झुकते तशी. पट्टा कुरकुरला. मिस्त्रीने एका हाताने दार धरलं आणि दुसरा कठड्याकडे पुढे केला. पलीकडची टकटक थांबली.  इतकी शांतता होती की टाकीतल्या डिझेलचं हलणं ऐकू येत होतं. एक वाळकं पान कठड्यावरून त्याच्या पायाशी आलं. तो हात तसाच धरून उभा राहिला, दुखायला लागला तरी, बोटं बधिर झाली तरी.

मग टकटक पुन्हा सुरू झाली. खालच्या वळणावरून, थोडी लांबून. आणि मग त्याच्याही खालच्या. तिला यायचं नव्हतं असं नाही. पण त्या तेवढ्याशा तुकड्याला एकच गोष्ट येत होती, पुढच्या वळणावर जाऊन सावकाश म्हणायचं, आणि ते कुणाला म्हणायचं हे त्या तुकड्याला माहीत नव्हतं.

गाडी हळूहळू सरळ झाली. मिस्त्रीने दार लावलं. आपटावं लागलं नाही, आजकाल ते हळूच लागायचं. तो पुढे येऊन बसला आणि आरशात न बघता मागच्या सीटला म्हणाला, "उद्या जरा लवकर निघू."

मग त्याने किल्ली अर्धी फिरवली आणि दिवा विझायची वाट बघत बसला.